नेलिदाबाईंशेजारची खुर्ची

"निसर्गात मत्सर नाही," प्रोफेसर बर्तोलोत्तींनी रोसारिओ विद्यापीठाच्या भरवर्गात जाहीर केलं. "एन्झाइमच्या अंगावर एक मोक्याची खाच असते. जो रेणू तिथे नेमका बसतो त्याचं काम होतं आणि तो उठून जातो. बाकीचे शांतपणे थांबतात." एवढं सांगून ते चहाच्या खोलीत आले, आणि नेलिदाबाईंशेजारच्या खुर्चीत होंडुरासहून आलेला नवा संशोधक आमिल्कार आजही बसलेला पाहून त्यांचं पित्त खवळलं.

एकवीस वर्षं ती खुर्ची त्यांची होती. मनातलं बोलायचं तेवढं राहून गेलं होतं.

नेलिदाबाई येर्बा नावाच्या पानांचा कडू चहा भरून एकच पेला सगळ्यांत फिरवत. पुरे झालं की पेला परत देताना 'आभार' म्हणायचं आणि उठायचं, हा तिथला शिरस्ता. आमिल्कार मात्र तीन आठवडे दर वेळी म्हणत होता, "फार छान, बाई." बाई हसून पुन्हा भरत होत्या.

"काही रेणू खाचेत नुसते बसून राहतात," प्रोफेसर खिडकीशी उभे राहून मोठ्याने म्हणाले. "स्वतः काम करत नाहीत, दुसऱ्यालाही बसू देत नाहीत."

"मग उपाय काय हो, प्रोफे?" नेलिदाबाईंनी विचारलं.

"बाहेरच्याने धडका मारत राहायचं," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

बाई पाणी तापवायला आत गेल्या. आमिल्कार लगबगीने प्रोफेसरांच्या कानाशी आला.

"प्रोफे, हातात दिलेलं नाकारायचं नाही, असं आईने बजावलंय. पण इथे 'पुरे' कसं म्हणतात तेवढं सांगा. जरा लवकर. मला तासाभरापासून लघवीला जायचंय."