हनुवटीवरचे तीन ठिपके

"हनुवटीवरचे हे तीन ठिपके घालवायचे का?" पीरमहंमदनं भिंगावरचा डोळा न काढता विचारलं.

फोटोवाल्याच्या बाकावर हरिबा पाय लांब करून बसला होता. गावातून सांगलीपर्यंत तो चालत आला होता.

"घालवा," तो म्हणाला. "शहरातल्या बाईगत दिसू दे."

फोटो लहानसा होता. दोन वर्षांपूर्वी, चव्वेचाळीसच्या मे महिन्यात महाबळेश्वरला काढलेला. तेव्हा हरिबा पलटणीतून पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. साहेब लोक बायकापोरांना घेऊन थंड हवेला जातात, हे त्यानं पाहिलं होतं. एकदा आपणही जायचं, असं त्यानं ठरवलं. तो, बायको शालूबाई आणि आठ वर्षांची मनू कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून गेले. चढावर मोटार दमली की सगळे उतरून ढकलत. चार दिवस राहिले. देवाला किंवा कामाला जाणं सोडलं तर त्यांच्या घरातलं कुणी कधी कुठं गेलं नव्हतं.

एकच गोष्ट बिनसली. शालूबाईचं लग्नाआधी गोंदायचं राहून गेलं होतं. जाताना वाईच्या बाजारात ती गोंदणारणीपुढं बसली आणि हनुवटीवर तीन ठिपके घेऊन उठली. हरिबा चिडला.

"साहेबांच्या गावाला चाललोय आपण. आन् ह्ये रानटी काय काढून घेतलंस?"

"असू द्या की," सुजलेली हनुवटी चाचपत ती म्हणाली. "एवढं तरी माझं."

त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही. रजा संपली तेव्हा दोघींना गावच्या मोटारीत बसवून तो सातारा रोड स्टेशनवरून आगगाडीनं परस्पर पलटणीकडं गेला. पुन्हा भेट झाली नाही. यंदा ती मुदतीच्या तापानं गेली. हरिबा नोकरीतून सुटून घरी पोचला तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. मनूला शेजारच्या दगडाबाईनं सांभाळलं होतं.

परवा भाकरी थापता थापता मनू म्हणाली, "आबा, आयचं तोंड नीट ध्यानात येत न्हाई."

म्हणून तो आला होता. फोटोतली शालूबाई एकटी मोठी करून हवी होती. रंगवून, चौकटीत बसवून.

"रंग सांगा," पीरमहंमद म्हणाला.

हरिबानं न अडखळता सांगितलं. लुगडं डाळिंबी, काठ हिरवा. नथीचे मोती पांढरे, मधला खडा लाल. गळ्यात पुतळ्यांची माळ, सोन्याची. आपल्याला एवढं आठवतंय याचं त्यालाच नवल वाटलं.

आठ दिवसांनी तो पुन्हा चालत गेला आणि तसबीर धडप्यात गुंडाळून घेऊन आला. चुलीसमोरच्या भिंतीला, मनूच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्यानं खिळा ठोकला. तसबीर टांगून तो मागं सरला. चेहरा उजळ होता. कुठं डाग नव्हता.

मनू पिठाच्या हातानंच उठून आली. बराच वेळ बघत राहिली.

"झाक हाय," ती म्हणाली. मग जवळ सरकली. "ह्ये लुगडं दगडाकाकूचं. परत आल्यावर आयनं धुतलं, घडी घातली आन् दिऊन आली. मी संगं हुते. नथ पाटलीणबाईची. माळ बी त्येंचीच."

हरिबाला हे ठाऊक नव्हतं.

मनूनं तसबिरीतल्या हनुवटीवर बोट ठेवलं. बोट उचललं तेव्हा काचेवर पिठाचा ठिपका उमटला होता.

"मग ह्यात आयचं काय ऱ्हायलं, आबा?"