रजा नामंजूर

आईच्या माघारी बाबांनी पहिल्यांदाच सगळ्या नातेवाइकांना घरी बोलावलं होतं. "रजा नाहीच मिळाली, बाबा," असं फोनवर सांगून धाकटी मैत्रिणींबरोबर नाताळच्या सुट्ट्यांपुरत्या उघडलेल्या बारमध्ये गेली. आत मुंगी शिरायला जागा नव्हती. छताला कापसाचा बर्फ लटकत होता. ग्लास उंचावून काढलेला फोटो तिने लगेच टाकलाही. बाबा कुठे बघतात असलं काही!

तासाभरात बाबांचा फोन आला. गर्दीतून कशीबशी वाट काढत ती बाहेर आली.

"बाबा, अहो, ते..."

"असू दे गं," बाबा हळू आवाजात म्हणाले.


"तो फोटो तेवढा काढून टाक, बाळा. तुला रजा मिळाली नाही, असं मी इथे सगळ्यांना सांगून बसलोय."