ओळख परेड

माघ शुद्ध दशमी, मंगळवार, सकाळची वेळ. मुक्काम मौजे पिंपळदरी. चंद्राक्काच्या ओसरीवर निर्मलाबाई किणीकर अवघडून बसल्या होत्या. मागल्या दारी कोणी लाकडे फोडीत होते. निर्मलाबाईंच्या यजमानांच्या खुनासाठी चंद्राक्काचा थोरला मुलगा हणमंत फासावर गेला, आणि आता खऱ्या खुन्याने गुन्हा कबूल केला होता. ओळख परेडीत हणमंतावर रोखलेले बोट बाईंनी पदरात गुंडाळून धरले होते.

"मी खोटं बोलले नाही हो, आक्का. तो चेहरा काळजावर कोरलाय माझ्या. आजही डोळे मिटले की तोच दिसतो."

"च्या घ्या, निवतोय," म्हणून चंद्राक्का उठली. तिने भिंतीवरची जुनी तसबीर काढली, पदराने पुसली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. तीत तिचे दोन्ही मुलगे बैलजोडीपाशी हसत उभे होते.

"मग दावा बरं, ह्यात माझा हणमंत कंचा?"

बाईंना क्षणभरही विचार करावा लागला नाही. न्यायालयात दाखवले होते तितक्याच खात्रीने त्यांनी डावीकडच्या चेहऱ्यावर बोट टेकवले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "हाच. याला मी कशी विसरेन?"

चंद्राक्काने त्या बोटाखालून तसबीर हलकेच ओढून घेतली.

"ह्यो धाकला. मागं लाकडं फोडतोय न्हवं, त्यो." तसबीर छातीशी धरून ती म्हणाली, "तुमी खोटं बोलला न्हाईसा, बाई. तुमास्नी ठावंच नव्हतं."