तिसरं निदान

"एक्स-रे तपासणारं यंत्र म्हणतंय, फुप्फुसं ठणठणीत आहेत," सिस्टर म्हणाल्या. दगडखाणीत वीस वर्षं राबलेली दुर्गव्वा खोकतच होती. तालुक्यात सरकारी विमा कार्ड घेणारे फुप्फुसतज्ज्ञ आता एकटे डॉक्टर नेर्लेकरच उरले होते. त्यांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं. यंत्र चुकलं होतं.

त्यांच्या सहीनं दुर्गव्वाला मोफत उपचार मिळाले असते. पण यंत्राविरुद्ध तिसरं निदान दिलं, की डॉक्टरांचं नाव विमा योजनेतून त्याच क्षणी कायमचं निघायचं. दोन देऊन झाली होती.

"सर, बाहेर बसलेली माणसं कुठं जातील?" सिस्टरांनी विचारलं.

डॉक्टरांनी दुर्गव्वाचा कागद बाजूला ठेवला.

"आधी त्यांना तपासतो. बाई, संध्याकाळपर्यंत थांबाल?"

"थांबते की."

सहा वाजता शेवटचा पेशंट बाहेर पडला, तेव्हा त्यांनी तिच्या कागदावर सही केली.