घरगुती बोलणे

“डॉक्टरांनी लिहिलेलं संपलंय, ताई. हे द्या, गुण तोच,” म्हणत औषधवाल्याने गुलाबी बाटली काउंटरवर ठेवली.

“नक्की ना? सकाळपासून तापाने फणफणलीय हो,” बाई म्हणाली. तिची लहान मुलगी खांद्यावर ग्लानीत पडली होती.

मागे उभ्या असलेल्या गृहस्थाने चमकून मान वर केली. या बाईला त्याने कधी पाहिले नव्हते. आवाज मात्र कित्येक महिने रोज त्याच्या कानात होता. सरकारच्या गुप्तवार्ता खात्यात तो फोन ऐकण्याच्या कामावर होता. या बाईच्या संघटनेविषयी जे बोलणे होईल, तेवढेच ऐकण्याची परवानगी होती. घरगुती बोलणे सुरू झाले की कळ दाबून ऐकणे थांबवायचे, हा नियम खात्यातल्या नव्या माणसांना तोच शिकवीत असे.

बाटली त्याच्या ओळखीची होती. त्याच्या नातवाला हेच औषध चाले. त्यात सल्फा होते. आणि सल्फाने या मुलीचा घसा मागे एकदा सुजून बंद होत आला होता, हे त्याला ठाऊक होते. ते बोलणे फोनवर झाले त्या संध्याकाळी त्याने कळ दाबली नव्हती.

बाईने बाटली पिशवीत टाकली.

“ते देऊ नका तिला,” तो म्हणाला. “सल्फा आहे त्यात. तिला चालत नाही.”

“काका, दुकान आता तुम्हीच चालवता का?” औषधवाला हसला. मग त्याने बाटली परत मागून घेतली, लेबल वाचले आणि त्याचे हसू मावळले. “आहे खरं सल्फा. ताई, तुम्ही बोलला नाहीत.”

“तुम्ही विचारलंत कुठे?” ती मागे वळली. “थोडक्यात वाचलो हो. फार उपकार झाले तुमचे...” बोलता बोलता ती थबकली. “पण तुम्हाला कसं कळलं?”

“असंच. कुणीतरी म्हणालं होतं.”

“कुणी? डॉक्टर सोडले तर हे फक्त माझ्या बहिणीला माहीत आहे.” तिने त्याला नीट न्याहाळले. “तेही मी फोनवर सांगितलं होतं.”

एखादे सोयीचे नाव पुढे करणे अवघड नव्हते. त्याचेही प्रशिक्षण त्याला मिळाले होते. पण आज त्याला ते करवेना.

“त्याच फोनवर मी नवऱ्याविषयी बोलले होते,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “तेही ऐकलंत?”

“माफ करा, ताई.”

तिने मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर, त्याच्यापासून दूर घेतले.

औषधवाल्याने आतून दुसरी बाटली शोधून आणली. तिला औषधवाल्याला काही विचारायचे होते. तिने तोंड उघडले, मागे पाहिले आणि मिटले. मग काउंटरवरून पुढे वाकून ती औषधवाल्याच्या कानाशी कुजबुजली.

तो गृहस्थ आपले औषध न घेताच पायऱ्या उतरू लागला. समोर एक मालमोटार घरघरत उभी होती; शाळा सुटल्याने पोरांचा गलका चालला होता. त्याने त्या गोंगाटाकडे मुद्दाम कान दिला. तरी तिच्या कुजबुजीतला एकही शब्द त्याच्या कानांतून सुटला नाही.