तिसऱ्या वर्षीची भाजी

"मेथीच टाक," श्रीरंग बायकोला, केतकीला म्हणाला. "महिन्यात खुडायला येते. पुढचं कोणी पाहिलंय?"

सकाळीच रेडिओवर निकाल ऐकला होता. ब्रिटनमध्ये सरकार बदललं होतं आणि त्यांच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचे व्हिसाचे नियम कडक करू, असं नव्या लोकांनी प्रचारात ठणकावून सांगितलं होतं. नगरपालिकेने भाड्याने दिलेल्या या जमिनीच्या तुकड्यात केतकी चार वर्षं मेथी नाहीतर कोथिंबीरच लावत आली होती. लवकर येणारं, लवकर संपणारं.

शेजारच्या तुकड्यात म्हातारा वॉल्टर दुखरा गुडघा कसाबसा मुडपून बसला होता. सरकारी दवाखान्याने त्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. आता नव्या सरकारात ते होतंय की नाही, याचा त्यालाही घोर होता. तरी तो ॲस्परॅगस या कोवळ्या कोंबांच्या भाजीची मुळं चरात पसरत होता.

"हे खायला कधी मिळणार?" केतकीने विचारलं.

"तिसऱ्या वर्षी. त्याआधी कापायचं नाही."

"आणि तुमचं वय?"

"एक्क्याऐंशी. मग?" तो खेकसला आणि उरलेली मुळं त्याने तिच्यापुढे सरकवली.

केतकीने मेथीची पुडी श्रीरंगच्या हातात कोंबली आणि कुदळ उचलली.

"अगं, तीन वर्षं आपण इथे असू का?"

"आता असावंच लागेल."

श्रीरंगने पुडी खिशात टाकली. मग तिच्या हातातली कुदळ घेत तो म्हणाला, "किती खोल खणू?"

"कुणाला सहज उपटता येणार नाही इतकं."