रोखलेला श्वास

एक्स-रे काढणाऱ्याने सख्ख्या मावशीला काचेआडून सांगितलं, "श्वास रोखून धर." फोटो निघाला. "सोड" म्हणायचं तेवढं राहिलं आणि स्वारी चहाला गेली.

अर्ध्या तासाने परतला, तर मावशी तशीच उभी. छाती फुगलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"अगं, सोड की आता! एवढं कधीपासून ऐकायला लागलीस माझं?"

मावशीने नुसतीच मान हलवली. त्याने पाठ थोपटली, चोळली, शेवटी हात जोडले. तिचे ओठ निळे पडत चालले होते, पण छाती तसूभरही खाली येईना. उलट ती वाढतच होती.

मावशीने त्याच्या खिशातलं पेन ओढलं आणि फॉर्मच्या मागे लिहिलं,

"माझा मी केव्हाच सोडला रे. हा कुणाचा आहे?"